बहाव्याचं बेचकं

आमच्या गल्लीत त्या दिवशी किती झाडं पडली हे कुणी मोजलं नाही. सगळे केळी मोजत होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोहिणी लागून चार-पाच दिवस झाले असतील. दुपारी साडेचारच्या सुमाराला सातपुड्याच्या अंगाने आभाळ आधी पिवळं, मग मातकट झालं आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं आम्ही सगळे मधल्या खोलीत दाराला पाठ लावून उभे राहिलो. पाऊस नावापुरता. होतं ते सगळं वारं. ते थांबल्यावर गल्लीतले फोन एकदम वाजायला लागले आणि जो तो एकच विचारत होता, मळ्याकडची काय खबर?

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे केळीच्या दोन लागवडी. जून-जुलैतली मृगबाग आणि दिवाळीच्या आगेमागे लावतात ती कांदेबाग. मागच्या मृगाची बाग मे सरता सरता कापणीवर आलेली असते. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक घट्ट गुंडाळी, आत बहुतेक पाणीच. त्याच्या डोक्यावर वीस-पंचवीस किलोचा घड. अशा वेळी अर्ध्या तासाचं वारं वर्षभराची मेहनत आडवी करतं. शेजारचे आप्पा मोटारसायकलला किक मारून मळ्याकडे गेले ते रात्री दहाला परतले. ओट्यावर बसले, चहा नको म्हणाले, आत गेले.

आणि मी अंगणात बॅटरी घेऊन एका फुलझाडाकडे बघत उभी होते. ना फळाचं, ना सावलीला फार मोठं. कुणी पाहिलं तर काय म्हणेल या विचाराने मी बॅटरी विझवली.

बहावा नानांनी लावलेला, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. घर बांधलं ते २००३ साल, त्याच पावसाळ्यात. वाऱ्याच्या दिवशी तो पंचवीस फुटांच्या वर होता. नाना असतानाच जमिनीपासून सहा फुटांवर त्याला दोन फाटे फुटले, दोन्ही सारख्याच जाडीचे, अगदी चिकटून वर गेलेले. ती जोडी आम्हाला फार आवडायची. घरातल्या प्रत्येकाचा त्या बेचक्यापाशी उभं राहून काढलेला एक तरी फोटो आहे. सगळा घोळ त्या बेचक्यातच होता, हे अकरावी-बारावीला अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला वारं येऊन गेल्यावर कळलं.

बेचकं रुंद असलं की दोन्ही फांद्यांचं लाकूड एकमेकांत विणलं जातं आणि वर सालीची एक उंच रेघ उमटते. अरुंद बेचक्यात दोन्हीकडची साल आतल्या आत दाबली जाते. बाहेरून जोड दिसतो, आत नुसती साल सालीला टेकलेली. फाटे जाड होत जातात तसे एकमेकांना आणखीच लोटतात. वारं फक्त निमित्त.

सकाळी नीट पाहिलं. पश्चिमेकडचा फाटा साधारण तेरा फुटांवर मोडून शेंड्यासकट खाली लोंबत होता, हाताच्या पंजाएवढ्या सालीवर अडकलेला. खाली त्याच्या दोन आडव्या फांद्या मात्र शाबूत. पूर्वेकडचा फाटा उभा होता, पण बेचक्यात चीर गेली होती. फूटभर लांब, वरच्या बाजूला बोट आत जाईल इतकी. वाऱ्याची झुळूक आली की ती चीर उघडायची आणि मिटायची. त्यातून ओल्या लाकडाचा वास येत होता, थोडा आंबूस.

रात्री मी झोपल्यावर यांनी एक काम करून ठेवलं होतं. गच्चीवर पडलेली बांधकामाची बाइंडिंग तार आणून बेचक्याच्या वर दोन्ही फाट्यांना मिळून सात-आठ वेढे दिले होते आणि पक्कडीने पीळ भरला होता. इतका की तार सालीत रुतली होती. बिचाऱ्यांनी मला बरं वाटावं म्हणून केलेलं. मी काही बोलले नाही, पण वर्गात फळ्यावर काढते ती खोडाची आकृती डोळ्यापुढे आली. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या अगदी आतल्या थरात असतात. सालीभोवती तार आवळणं म्हणजे झाडाचा गळा आवळणं. आज नाही, पण खोड जाडावत जाईल तसं दोन-तीन वर्षांत. रस्त्याकडेच्या कितीतरी झाडांना लोखंडी जाळीने नि फलकांच्या तारांनी असंच मारलेलं आपण बघतो.

त्याच सकाळी यांत्रिक करवत घेऊन एक माणूस गल्लोगल्ली फिरत होता. अशा दिवसांत त्यांची चलती असते, त्याला तरी काय बोलायचं. तो म्हणाला, "मॅडम, बोडकं करून टाकू. बेचक्यावरून सपाट. दोन महिन्यांत पुन्हा हिरवं होईल. दीड हजार." समोरच्या काकांचा गुलमोहर त्याने अर्ध्या तासात तसाच केला होता. बारा फुटांचा खांब, वर चार पांढऱ्या थाळ्या. खरंच दोन महिन्यांत तो हिरवा झाला. खांबाच्या टोकाला झाडूसारखे फुटवे आले, सहा-सहा फुटांचे. पुढच्या वर्षीच्या वाऱ्यात त्यांतले निम्मे बुडातून निघून आले. ते लाकडातून निघालेले नसतात, सालीजवळच्या झोपलेल्या डोळ्यांतून फुटतात आणि वरवर चिकटलेले असतात. आणि थाळ्यांमधून पाणी आत जाऊन गाभा कुजायला लागला होता. पण हे पुढचं. त्या सकाळी मी पर्समधून पैसे काढले होते, हे कबूल करते.

मला थांबवलं ते एका साध्या अडचणीने. शहरातलं झाड, परवानगीचं काय? मोबाइलवर शोधलं. नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५चा कायदा आहे आणि त्यात ‘झाड तोडणं’ याच्या व्याख्येत जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणंही येतं. लोंबती फांदी काढणं वेगळं आणि झाड बोडकं करणं वेगळं. फोटो जोडून अर्ज देऊन टाकला आणि त्या माणसाला उद्या ये म्हटलं. उद्या तो दुसऱ्या गल्लीत होता.

तिसऱ्या दिवशी आप्पा आले. खांद्यावर चार टेकू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घड भरलेली केळ कलू नये म्हणून खाली लावतात ते बांबू. फाटकातून आत आले, टेकू भिंतीला उभे केले आणि बहाव्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी विचारलं, "आप्पा, मळ्यात किती गेलं?"

"तीन हजार खोडं व्हती. पाचशे उभी शेतस." मग टेकूंकडे हात करून, "आते ह्या मना काय कामना."

मला काय बोलावं कळेना. ते बेचक्यातल्या चिरेत बोट घालून बघत होते. म्हणाले, "आम्हनं बरं शे. केळ पडनी ते पडनी, खाले पील शे. याले पील नही." पील म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू, पुढची केळ त्यातूनच उभी राहते.

मग त्यांनी असं काही केलं जे मला सुचलं नव्हतं. झाड सोडून ते जमिनीकडे बघायला लागले. वाऱ्याच्या बाजूला, बुंध्यापासून तीन-चार फुटांवर, उकिडवे बसून काळ्या मातीत बोटं फिरवली. मे महिन्यात आमच्या मातीला भेगा असतातच, हात जाईल अशा. पण मुळं उचकटली असतील तर भेग बुंध्याभोवती कोयरीसारखी गोल फिरते आणि तिच्या आतली माती फुगलेली दिसते. तसं नव्हतं. पाय घट्ट होता. पाय सुटला असता तर वरची सगळी उठाठेव फुकट, हे ते न बोलता मला कळलं.

मी विचारलं, "कोणकोणती फांदी काढायची?" तर आप्पा म्हणाले, "लोंबस ती काढ. बाकी ऱ्हाऊ दे."

"अहो पण ही वाकडी, ही घासलेली, ही एकीकडे झुकलेली..."

"माय, याना अर्धा पाला वारानी नेया. उरेल तू नेशी, ते खाई काय मंग?"

नंतर वाचलं तेव्हा तज्ज्ञांचंही हेच म्हणणं निघालं. धडधाकट झाडाचाही एका वर्षात पाव हिश्शापेक्षा जास्त हिरवा भाग काढू नये, आणि वाऱ्याने तो आधीच नेला असेल तर आपल्या वाट्याला शून्य. आकार, तोल, शोभा हे पुढच्या वर्षी. मी अठरा वर्षं प्रकाशसंश्लेषण शिकवते, पण ‘खाई काय मंग’ हा प्रश्न एकाही चाचणीत विचारलेला नाही.

लोंबणारा शेंडा काढायचा होता आणि मोडलेल्या फाट्याचा चिरफळलेला खुंट खाली नीट कापायचा होता. यांत्रिक करवत नको, शिडीवर ती चालवणं आमचं काम नव्हे. आप्पांकडे डाळिंबाच्या छाटणीची वाकडी करवत होती. ती स्पिरिटने पुसून घेतली. शेंडा नाड्याने वरच्या फांदीला बांधला, त्याची दोरी यांच्या हातात, आणि मग आप्पा वर.

जड फांदी तीन कापांत काढतात. शेवट जिथे करायचा तिथून फूटभर बाहेर, आधी खालच्या बाजूने तिसरा हिस्सा काप घ्यायचा. मग त्याहून जरा पुढे वरून. फांदी मोडते ती खालच्या कापापाशी येऊन थांबते, साल ओढून नेत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, सावकाश. हे सगळं मी कागदावर काढून खिशात ठेवलं होतं. पहिल्या फांदीला जमलं. दुसरी मनगटाएवढीच, अर्धवट मोडलेली. ऊन चढलं होतं, सगळे घामाघूम, आणि मीच म्हटलं, "ही छोटी आहे, वरूनच घ्या." करवत अर्ध्यावर गेली तोच फांदी खाली बसली आणि सर्रकन आवाज करत दीड फूट सालीची पट्टी खोडावरून सोलून घेऊन आली. आत पांढरं, ओलं, गुळगुळीत लाकूड. त्यावर दोन मिनिटांत मुंग्या आल्या. वाऱ्याने दिलेल्या जखमांपेक्षा ती एक माझी. आजही फाटकातून आत येताना नजर आधी तिथे जाते.

ती पट्टी परत चिकटवायचा मोह होतो. चिकटत नाही. धारदार चाकूने कडा साफ केल्या, लोंबणारी साल काढली, खालचं टोक गोलसर केलं आणि सोडून दिलं.

कुठे कापायचं हा खरा नाजूक भाग. फांदी जिथे खोडातून निघते तिथे बुडाशी एक फुगीर वळकटी असते, मांडीच्या सांध्यापाशी असते तशी. पूर्वी खोडाला लागून सपाट कापायची पद्धत होती, काप दिसायला सुबक. पण त्यात ही वळकटीच जाते, आणि जखम बुजवणारं लाकूड तिथूनच तयार होतं. उलट वळकटीपासून लांब खुंटी ठेवली तर ती खुंटी वाळते आणि कुजत कुजत आत शिरते. वळकटी न दुखावता तिला अगदी लागून, जरा तिरका काप. मोडलेल्या फाट्याला वर अशी वळकटी नव्हतीच, तो मधूनच तुटलेला. तो खालच्या एका आडव्या फांदीपर्यंत आणला. अशी फांदी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे ती शेंड्याची जागा घेऊ शकते. आमची निम्म्याहून जाड होती. नशीब.

अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो नावाचे संशोधक होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतल्या जुन्या जखमा पाहिल्या. त्यांचं म्हणणं असं की आपली कातडी भरून येते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं, तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जखम आतच राहते. कापावर डांबर, रंग, असलं काही फासल्याने कूज थांबत नाही, असंही त्यांच्या कामातून दिसलं. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यासना गावले आर्द्रा ऱ्हास का?"

म्हणजे आपल्याकडच्या पावसात, आप्पांच्या हिशेबाने, बोर्डो पेस्ट हवीच, मोरचूद-चुन्याचा तो बुरशीनाशक लेप. डाळिंब, लिंबू, आंबा, कशाचीही छाटणी झाली की खान्देशात पहिलं काम तेच. शेवटी तह झाला. निम्म्या कापांना पेस्ट, निम्मे उघडे.

मोरचूद आणि चुना समान, पाणी दहापट. आम्ही शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर घेतलं. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भिजवून मग तिसऱ्यात एकदम ओतायचं. लोखंडाचं भांडं चालत नाही, मोरचुदातलं तांबं त्यावर चढतं. आणि याच गोष्टीचा उलटा उपयोग म्हणजे परीक्षा. आप्पांनी घासून लखलखीत केलेला खिळा मिश्रणात बुडवला आणि मिनिटभराने काढला. टोक तांबूस झालं होतं. "चुना कमी." आणखी चिमूटभर चुना, पुन्हा खिळा. या वेळी कोरा निघाला. माझ्या मुलाला, तेव्हा सातवीत होता, हा प्रयोग इतका आवडला की त्याने घरातले सगळे खिळे बुडवून पाहिले. त्याला मी बोर्डोची गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी चोरू नयेत म्हणून शेतकरी त्यांवर हे निळं पाणी शिंपडायचे, तेवढ्याच वेलींवर केवडा हा बुरशीसारखा रोग आला नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्यांनी ते औषध म्हणून जाहीर केलं.

दोन वर्षांनंतरचा निकाल सांगून टाकते. पेस्ट लावलेल्या आणि न लावलेल्या कापांत मला तरी काही फरक दिसत नाही. आप्पांना दिसतो.

बेचक्याची चीर सांधायला फॅब्रिकेशनवाल्याकडून बारा मिलिमीटरचा आट्यांचा रॉड आणला, दोन तुकडे, मोठे वायसर आणि नट. झाडाला आरपार भोक पाडायचं हे ऐकून घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण तार भोवती फिरते आणि सगळ्या वाहिन्या तोडते, रॉडचं भोक एका रेघेपुरतं नुकसान करतं. आधी विहिरीच्या मोटारीची चेन कप्पी लावून दोन्ही फाटे हळूहळू जवळ आणले. साखळीखाली पोत्याच्या घड्या. चीर मिटत आली तसा आतून कुरकुर आवाज यायला लागला, नव्या चपलेसारखा. सुताराने लांब गिरमिट लावलं. बहाव्याचं लाकूड कठीण. बाहेरचा फिकट भाग संपून गाभा लागला तसा भुसा विटकरी रंगाचा पडायला लागला आणि गिरमिटातून धूर निघाला. दोनदा थांबून थंड करावं लागलं. एक रॉड चिरेतून, दुसरा त्याच्या वर फूटभर अंतरावर. नट आवळले, कप्पी सोडली, आणि सगळे मागे सरकून चिरेकडे बघत उभे राहिलो. उघडली नाही. यांची तार मी तेव्हा कापून काढली. तिच्या खुणा राहिल्या.

आप्पांचे टेकू झुकलेल्या फांद्यांखाली लागले. टेकतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.

मला वाटलं संपलं. पश्चिमेचा पाला गेल्याने दुपारचं ऊन सरळ बुंध्यावर येत होतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. वीस वर्षं सावलीत राहिलेली साल, आणि पाऊस येईपर्यंत चोपड्याचं ते चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचं ऊन. अशी साल भाजते, वाळते आणि दोन-चार महिन्यांनी पापुद्रे सुटतात. चुन्यात डिंक कालवून बुंधा पांढरा केला. रस्त्याकडेच्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे असतात तसे. गेरू मुलाने हौसेने मारला, त्याचा झाडाला काही उपयोग नाही.

खतावरून घरोघरी सल्ले आले. मूठभर युरिया टाका, डीएपी टाका, टॉनिक फवारा. मोडक्या झाडाला युरिया म्हणजे आजारातून उठलेल्याला बासुंदी. भसाभस कोवळी फूट येते, ती पेलायला मुळं नसतात. आप्पांनी नुसतं पाणी सांगितलं, तेही बुंध्यापाशी नको, पाल्याच्या घेराखाली. त्यांच्याकडच्या ठिबकच्या नळीचा तुकडा गोल फिरवून दिला. वर पडलेल्या केळीच्या पानांचं वीतभर आच्छादन, बुंध्यापासून हात सोडून. केळीची पानं त्या वर्षी हवी तेवढी होती.

पाऊस मृगात नाही, आर्द्रात आला. तोवर बहावा तसाच, ना वाळत होता ना फुटत होता. बहाव्याला बहर आला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असं आपल्याकडे म्हणतात. मी रोज सकाळी दात घासत त्याच्याखाली उभी राहायचे. नखाने एखादी काडी खरवडून बघायची, आत हिरवं दिसलं की दिवस बरा जायचा. मग एक दिवस पाहिलं, सोललेल्या पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक फुगवटा आला होता, ओठासारखा. आणि जुलैच्या मध्यावर एकदम खोडावर, कापांखाली, जिथे तिथे तांबूस-हिरवे कोंब.

हे पाणसोट. सरळ वर धावतात, फुलं देत नाहीत. लिंबाच्या बागेत दिसला की लोक मोडतात. मीही सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन गेले, पण आप्पांचा ‘खाई काय मंग’ आठवला आणि परत आले. पहिलं वर्ष एकही काढला नाही. दुसऱ्या वर्षी तीनातला एक ठेवला, जो बाहेरच्या बाजूला, रुंद कोनात निघालेला असेल तो. उभे, एकमेकांना चिकटलेले सगळे काढले. पुन्हा बेचकं नको.

नवी पानं आली आणि आठ दिवसांत चाळणी झाली. फिकट पिवळसर-पांढरी फुलपाखरं पावसाळ्यात झुंडीने फिरतात ना, ती बहाव्यावर अंडी घालतात आणि त्यांच्या हिरव्या अळ्या पानाच्या शिरेवर अशा पडून राहतात की दिसत नाहीत. एरवी एवढ्या झाडाला त्याचं काही नाही. पण पाल्याची मोजदाद चाललेल्या घरात त्या अळ्या शत्रूच. औषध मारायचं मनात आलं होतं. मग मी आणि मुलाने मिळून हाताला लागतील तेवढ्या वेचल्या आणि कॉलेजच्या आवारातल्या मोठ्या बहाव्यावर नेऊन सोडल्या. दोन मुलींनी त्यांतल्या चार काचेच्या बरणीत पाळल्या आणि फुलपाखरू होईपर्यंत रोज वहीत लिहून ठेवलं. त्या वर्षीचा सगळ्यात बरा प्रकल्प तो झाला.

पहिल्या मे महिन्यात घोस आले चार. चारही पूर्वेकडे, उंचावर. समोरचे काका म्हणाले, "एवढा खटाटोप करून चार?" त्यांचा गुलमोहर त्या वर्षी फुललाच नाही, पण मी ते बोलले नाही.

यंदा मोजायचं सोडून दिलं. पश्चिमेची बाजू अजून विरळच, लांबून बघितलं तर झाड एका खांद्यावर पिशवी घेतल्यासारखं दिसतं. घोस मात्र हातभर लांब. दहा पुंकेसरांतले तीन लांब आणि वळलेले, ते मुलांना दाखवायला आता घरूनच डहाळी नेते. काळे भुंगे दिवसभर घुमत असतात. कापलेल्या फांदीचा एक ओंडका कोपऱ्यात टाकला होता, त्यात त्यांनी गोल, सुबक भोक पाडून घर केलंय. रॉडच्या वायसरवर साल चढत आलीय, नट तेवढा अजून दिसतो. सोललेली पट्टी मधे अजून दोन बोटं उघडी आहे.

गेल्या आठवड्यात आप्पा फाटकात उभे. मला वाटलं फुलं बघायला आले.

"मना टेकू," म्हणाले. "घड भरनात."

टेकू तसेही काढायचेच होते. झाडाला वाऱ्यात हलू दिलं नाही तर खोड जाड होत नाही, दोन वर्षं पुष्कळ झाली. मी आणि मुलाने एकेक सोडवला. तीन निघाले. चौथ्याला खालून वाळवी लागली होती, हातात घेतला तर भुगा झाला. मी म्हटलं, "आप्पा, याचे पैसे घ्या."

त्यांनी तीन खांद्यावर टाकले. चौथ्याचं उरलेलं वरचं टोक उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि ट्यूबचा तुकडा सोडवून खिशात घातला.